घरातली पहिली हायब्रिड गाडी : पाच आठवडे, आंबा घाट आणि सासूबाई

रानजाई | १० जानेवारी, रात्री ९:४०

गाडी घरी येऊन आज पाच आठवडे झाले. घेण्याआधी मी इथलेच जुने धागे रात्र रात्र वाचले होते, तेव्हा आमचा अनुभवही इथे नोंदवावा असं वाटलं. गाडी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली, थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालणारी. आधीची डिझेल हॅचबॅक अकरा वर्षं वापरली.

आमची गरज आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच ठरलं. घर कोथरूडला, माझं ऑफिस हिंजवडीत. रोजचे जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, त्यातले निम्मे रांगत. गाव देवरुखजवळ. वर्षातून सहा-सात वेळा जाणं होतं, आणि जाताना आम्ही पाच जण: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचं वय बहात्तर. त्यांना गाडी लागते. नुसती मळमळ नाही, घाट सुरू झाला की त्या पदर तोंडाला लावून डोळे मिटून बसतात आणि खाली उतरल्यावर तासभर कुणाशी बोलत नाहीत. त्यामुळे मागची दोन वर्षं त्या गावी यायलाच तयार नव्हत्या. ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या, त्या घरी.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार मनापासून केला होता. पण सोसायटीत पार्किंग चिठ्ठ्या टाकून दरवर्षी बदलतं, त्यामुळे स्वतःचा चार्जर बसवता येत नाही. आणि गावी पावसाळ्यात एकदा लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून हायब्रिड. हिला चार्जिंगला लावावं लागत नाही, लावायला सॉकेटही नाही. पेट्रोल भरायचं, बाकी तिचं ती बघते.

पहिल्या दिवशीची गोष्ट. शोरूमच्या माणसाने ब्रेक दाबून बटण दाबलं, समोर हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ उमटलं आणि तो म्हणाला, "मॅडम, गाडी चालू आहे." काहीही आवाज नाही. ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकून ब्रेक सोडला तर गाडी पार्किंगमधून नुसती सरकत बाहेर आली. मागे बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "ढकलतंय का कोण?"

या शांततेचा एक धोका लगेच कळला. दुसऱ्याच दिवशी नवरा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावून किल्ली खिशात घेऊन वर आला. गाडी ‘रेडी’मध्येच राहिली होती. उतरताना ती पीं-पीं वाजली, ते त्याला दार नीट न लागल्याचं वाटलं. अर्ध्या तासाने वॉचमनचा फोन आला, "साहेब, तुमची गाडी आपोआप सुरू झालीय." बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून चालू होतं, त्यात कुणी बसलेलं असो वा नसो. बंद बेसमेंटमध्ये धूर कोंडणं ही जिवावरची गोष्ट आहे. आता उतरण्याआधी डॅशबोर्ड पूर्ण काळा झालाय का, हे दोघांपैकी एक जण मोठ्याने बोलून खात्री करतो.

आता ॲव्हरेज. गाडीच्या स्क्रीनवर न जाता नोझल आपोआप कट होईपर्यंत भरून मोजलेले आकडे:

शहरात ४१२ किलोमीटर, १८.६ लिटर. म्हणजे २२ च्या थोडं वर.
पुणे ते देवरुख, कराड-मलकापूर-आंबा घाट मार्गे, २८१ किलोमीटर, १३.२ लिटर. म्हणजे २१.३.
परत येताना २७९ किलोमीटर, १४.९ लिटर. म्हणजे १८.७.

कंपनीचा प्रमाणित आकडा २७.९७ आहे. तो ठरावीक चाचणीतला, त्यामुळे तेवढा मिळेल असं मी धरलंच नव्हतं. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जुन्या गाडीचं शहरात ॲव्हरेज पडायचं आणि हायवेला वाढायचं. इथे उलट. चांदणी चौकात जितकं अडकावं तितकं इंजिन बंद.

आता घाट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. खंबाटकीत चढताना सासूबाई खिडकीला धरून बसल्या होत्या. चढावर इंजिनचा आवाज एकसारखा चढा राहतो, वेग वाढला तरी तोच सूर. ते पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण गिअर बदलताना बसतो तो हिसका अजिबात नाही, एकही नाही. आंबा घाट उतरायला लागलो तसा नवऱ्याने गिअरचा दांडा ‘बी’मध्ये, म्हणजे उतारावर गाडी धरून ठेवणाऱ्या गिअरमध्ये घेतला. ब्रेकवर पाय जवळजवळ नाही. गाडी स्वतःच स्वतःला धरून खाली येत होती आणि समोरच्या चित्रात चाकांकडून बॅटरीकडे बाण वाहत होते. धाकटा प्रत्येक वळणाला आजीला सांगत होता, "आजी, बॅटरी अजून एक काडी भरली." त्या डोळे उघडे ठेवून ते बघत होत्या. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "घाट झाला होय?"

देवरुखला पोचल्यावर त्यांनी स्वतः कुलूप काढलं.

दोन प्रश्न आहेत. घाट अर्धा उतरल्यावर इंजिन एकदम मोठ्याने फिरायला लागलं, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना. बिघाड आहे का? आणि डिकी लहान आहे (हायब्रिडमध्ये २६५ लिटर, बॅटरी तिथेच असल्यामुळे), तर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या कुणी कशा आणता?

---

चाकोरी | १० जानेवारी, रात्री १०:२५

अभिनंदन रानजाई. आकडे टाकी भरून मोजलेत, हे फार बरं केलंत.

मला खर्चाबद्दल विचारायचंय. त्याच गाडीची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांत ऑन-रोड फरक किती पडला? इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. तुमची गाडी चार मीटरपेक्षा लांब आणि इंजिन बाराशे सीसीच्या वर, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, त्याआधी सेस धरून ४३. म्हणजे सरकारदरबारी हायब्रिड आणि साधी पेट्रोल गाडी एकाच पंक्तीत. पेट्रोल निम्मं जाळणाऱ्या गाडीला करात काही वेगळी वागणूक असावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे तसं झालेलं नाही.

---

रानजाई | १० जानेवारी, रात्री १०:५०

दोन्हींची कोटेशनं घेतली होती. फरक साधारण साडेतीन लाख.

---

चाकोरी | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

मग हिशोब मांडतो, म्हणजे हा धागा वाचून गाडी घेणाऱ्यांना उपयोग होईल. पेट्रोल १०४ रुपये धरतो, वर्षाला १२,००० किलोमीटर.

सगळं शहरात चालवलं तर साधी ऑटोमॅटिक ११ देईल, तुमची २२. वर्षाला १,०९१ लिटर विरुद्ध ५४५. बचत ५४६ लिटर, म्हणजे सुमारे ५६,७०० रुपये. साडेतीन लाख सव्वासहा वर्षांत वसूल.

सगळं हायवेला चालवलं तर साधी १५ देईल, तुमची साडेएकोणीस. ८०० विरुद्ध ६१५ लिटर. बचत वर्षाला १९,२०० रुपये. वसुलीला अठरा वर्षं.

गाडी तीच, किंमत तीच. "हायब्रिड परवडते का" या प्रश्नाला तुमचा रस्ता कुठला ते सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. माझं सगळं धावणं नाशिक-धुळे हायवेचं आहे, म्हणून मी घेतली नाही. तुमच्या जागी असतो तर घेतली असती.

---

पिंपळपान | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, ट्रान्समिशनवर काम करतो. इंजिन आपोआप फिरण्याचं उत्तर देतो. बिघाड मुळीच नाही.

तुमच्या गाडीची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, त्यावरून बॅटरी किती लहान ते कळेल. शिवाय ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण गच्च कधीच होऊ देत नाहीत, म्हणजे ती टिकते. वापरात येतो तो मधला भाग.

आता घाट. पाच माणसं आणि सामान धरून गाडी सुमारे १,६५० किलो. ती १०० मीटर उंचीवरून खाली आली की सुमारे ०.४५ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते, काही वीज बनवताना जाते. तरीही दोन-अडीचशे मीटर उतरेपर्यंत बॅटरीतली मोकळी जागा संपते. आंबा घाट त्याहून खोल आहे. बॅटरी घ्यायची थांबली की उरलेली वीज कुठे घालवायची? तीच वीज वापरून जनरेटर इंजिनला नुसतं गरागरा फिरवतो. त्यात पेट्रोल जळत नाही. इंजिन फक्त हवा ओढून गाडीला मागे धरतं, जुन्या गाडीत दुसऱ्या गिअरवर घाट उतरतो तसं. आवाज मोठा येतो, पण तो ब्रेक वाचवण्यासाठीच आहे. घाबरून दांडा ‘बी’वरून ‘डी’वर घेऊ नका.

चढावर एकच सूर का, तेही याच रचनेत आहे. याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण यात पट्टा नाही, क्लच नाही, गिअरच्या पायऱ्या नाहीत. मधोमध एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून एक दातेरी कडं. मधल्या चाकाला जनरेटर, फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि कड्याच्या बाजूने मोटर व रस्त्याची चाकं. तिघं कायम एकमेकांत अडकलेले. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन हव्या त्या वेगाने फिरवता येतं, गाडी कितीही वेगाने जात असो. म्हणून संगणक चढावर इंजिनला जिथे ते सर्वांत फायद्यात चालतं तिथे नेऊन ठेवतो. आपल्या कानाला वेग आणि आवाज एकत्र वाढायची सवय आहे, म्हणून ते खटकतं.

या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही आणि रिव्हर्स गिअरही नाही. मागे जाताना मोटर नुसती उलटी फिरते. झिजणारे किती भाग कमी झाले बघा. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे, दर पिढीत ती हलकी आणि लहान होत गेली. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत रस्त्यावर आलेलं हे सर्वांत देखणं यंत्र आहे, आणि ते बॉनेटखाली कुणाला दिसत नाही.

एक विनंती. सिग्नलला ‘एन’मध्ये (न्यूट्रल) टाकायची सवय असेल तर मोडा. ‘एन’मध्ये बॅटरी चार्ज होत नाही, एसी मात्र तिच्यावर चालूच असतो. ‘डी’मध्ये ब्रेकवर पाय ठेवा, किंवा ‘पी’ (पार्किंग).

---

रानजाई | ११ जानेवारी, दुपारी १:०५

पिंपळपान, किती नीट समजावलंत. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. थोरला दहावीला आहे. तो लगेच वहीत एम-जी-एच (वजन आणि उंचीवरून ऊर्जा काढायचं सूत्र) करून बसला आणि ०.४५ काढून दाखवलं.

‘एन’ची सवय नवऱ्याला आहे. आजपासून बंद.

---

सांगलीचा गॅरेजवाला | ११ जानेवारी, रात्री ८:४५

रामराम ताई. नवीन गाडीबद्दल अभिनंदन.

माझं स्वतःचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. आता हायब्रिड गाड्या आमच्याकडंबी यायला लागल्यात, वॉरंटी संपलेल्या. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली. बॉनेट उघडल्यावर नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील. त्या दीडशे-दोनशे व्होल्ट आणि त्याच्या पुढच्या. त्यांना आपण हात लावायचा नाही, आणि ज्यानं ट्रेनिंग घेतलं नाही त्या मेस्त्रीलाबी लावू द्यायचा नाही. मी स्वतः ट्रेनिंग घेतलं, रबरी हातमोजे घेतले, मग पहिली गाडी आत घेतली. रस्त्यात गाडी बंद पडली तर "मी बघतो की" म्हणून कोण पुढं आलं तर नको म्हणा.

दुसरी. ब्रेक. मोटरच गाडी थांबवते म्हणून ब्रेकपॅड दुप्पट-तिप्पट टिकतात. पण वापर कमी म्हणून गंजबी धरतात, आणि तुमची गाडी कोकणात जाणारी. दमट हवा. तर दर सर्व्हिसला चाकं काढून कॅलिपर साफ करायला सांगा. पॅड जाडजूड दिसतात म्हणून न बघताच "ओके" लिहिणारे असतात.

तिसरी. उंदीर. सगळ्याच नव्या गाड्यांना त्रास आहे, पण हायब्रिडची वायर कुरतडली तर बिल मोठं येतं. गावी अंगणात लावता तेव्हा तेवढं बघा.

चौथी. मोठ्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. सर्व्हिसचे कागद एकबी हरवू नका. गाडी विकताना तेच कामाला येतात.

---

मांडवीकाठ | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडे होंडा सिटीची हायब्रिड आहे, २०२२ च्या पावसाळ्यात घेतलेली. पिंपळपान यांनी सांगितली त्याहून हिची रीत निराळी. शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेचा वेग धरला की मधला क्लच लागतो आणि इंजिन सरळ चाकांना जोडलं जातं. दोघींचं नाव हायब्रिडच, तरी चालवताना वेगळ्या वाटतात. घेणाऱ्यांनी दोन्ही चालवून बघाव्या.

डिकीचं दुःख आमचंही तेच. साध्या सिटीला ५०६ लिटर, हायब्रिडला ३०६. गणपतीला गावी जाताना माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान, फळांच्या करंड्या, पाच माणसांचे कपडे. आम्ही कपड्यांच्या कडक बॅगा सोडून दिल्या आणि कापडी पिशव्या घेतल्या. त्या कोपऱ्याकोपऱ्यात बसतात. तुमच्या आंब्यांसाठी सांगतो: लाकडी पेट्यांऐवजी पुठ्ठ्याचे दोन डझनी खोके आणा. आडवे-उभे करून जास्त मावतात.

आणि पाऊस. रस्त्यावर पाणी असेल तर बाकी कुठल्याही गाडीइतकीच काळजी घ्या. हायब्रिड आहे म्हणून पाण्यात लगेच शॉक बसत नाही, आतली यंत्रणा गडबड कळताच वीज तोडते. पण इंजिनात पाणी गेलं तर हायब्रिडचं इंजिनही वाचत नाही. आणि पाण्यात बुडालेली गाडी पुन्हा ‘रेडी’ करून बघायची नाही, सरळ उचलून न्यायची.

---

वऱ्हाडी पाऊलवाट | १२ जानेवारी, रात्री ९:१०

नागपूरहून नमस्कार. आमची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, सव्वा वर्ष झालं. समृद्धीवरून मुंबईला तीनदा जाऊन आलो.

चाकोरी यांचा हिशोब समृद्धीवर अगदी तंतोतंत लागू होते. ७०१ किलोमीटर, ना सिग्नल ना खड्डा. तिथे ब्रेकच लागत नाही, तर बॅटरीत परत काय येणार? मी ११०-११५ नं गेलो तर १५ मिळालं. पुढच्या वेळी ९० धरून गेलो तर १८ च्या वर गेलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढते, त्याला हायब्रिड काय करणार. नागपूर शहरात मात्र तीच गाडी सतरा-अठरा आरामात देते, एवढी मोठी सात माणसांची गाडी असून.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मे महिन्यातली. बाहेर ४५, आणि आमच्या बाबांचा डायलिसिस आठवड्यातून दोनदा. दवाखान्यासमोर रांगेत वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागते. आधीच्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं, धूर, आवाज, रांगेतल्या लोकांना त्रास. हिचा एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालते. इंजिन बंद असताना आत गार राहते. मधे पाच-सहा मिनिटं इंजिन लागते, पुन्हा बंद. बाबा मागे शांत झोपतात.

एक मात्र पहा ताई. बॅटरी थंड ठेवायला आतलीच हवा ओढतात, त्याची जाळी मागच्या सीटपाशी असते. मॅन्युअलात जागा दाखवली आहे. तिच्यावर पिशवी, शाल, उशी ठेवू नका. धूळही साफ करून घ्या.

---

जर्सीची संध्याकाळ | १३ जानेवारी, सकाळी ६:५५

न्यू जर्सीतून. आमच्याकडे टोयोटाची सिएना मिनीव्हॅन आहे. २०२१ पासून ती फक्त हायब्रिडच मिळते, साधी पेट्रोल हा पर्यायच काढून टाकला. इथला प्रमाणित आकडा गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला सव्वापंधरा किलोमीटर. आठ माणसं बसतात. आधीच्या मिनीव्हॅन यापेक्षा कितीतरी जास्त प्यायच्या.

रानजाई, तुम्हाला बर्फाचा प्रश्न नाही, पण एक गोष्ट तिकडेही लागू आहे. प्रत्येक हायब्रिडमध्ये दुसरी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी ही उतरली की गाडी ‘रेडी’ होतच नाही, कारण संगणक जागा करणारी हीच. आम्ही सहा आठवडे भारतात आलो होतो तेव्हा आधीची हायब्रिड गॅरेजमध्ये तशीच उभी होती. परतलो ते पहाटे तीनला, उणे आठ तापमानात, लहान मूल कडेवर, आणि गाडी मृत. रिमोटने दारही उघडेना. किल्लीच्या पोटात एक धातूची छोटी किल्ली लपलेली असते, तिने उघडलं. तुम्ही सगळे जण महिनाभर बाहेर जाणार असाल तर आठवड्यातून एकदा कुणाला तरी अर्धा तास ‘रेडी’ करून ठेवायला सांगा. मोकळ्या जागेत, बेसमेंटमध्ये नव्हे.

सासूबाईंचं वाचून डोळे भरून आले. माझ्या आईनेही गाडी लागते म्हणून माहेरी जाणं सोडलं होतं.

---

कानोसा | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकला. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, पुण्यात बँकेत नोकरी करतो, रोज डेक्कनजवळ दोन रस्ते एकटा ओलांडतो.

तुम्ही सगळे जिचं कौतुक करताय त्या शांततेबद्दल मला बोलायचं आहे. मी रस्ता कानाने ओलांडतो. इंजिनच्या आवाजावरून गाडी किती लांब आहे, वेग वाढवतेय की कमी करतेय, वळणार की सरळ जाणार, हे मला कळतं. हळू येणारी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी मला माझ्या काठीला लागेपर्यंत कळत नाही. वेगाने येणारी कळते, कारण टायरचा आवाज असतो. अडचण आहे ती हळू चालणाऱ्या, वळणाऱ्या आणि मागे येणाऱ्या गाडीची. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३८ मध्ये ताशी २० किलोमीटरपर्यंत अशा गाड्यांनी ठरावीक आवाज केलाच पाहिजे असं आहे. युरोपात २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीला तो सक्तीचा आहे.

तुमच्या गाडीत ती सोय असेल तर तो आवाज बंद करवून घेऊ नका. आणि सोसायटीतून, गल्लीतून बाहेर पडताना कुणी काठी घेऊन उभा दिसला तर काच खाली करून नुसतं "गाडी आहे, थांबलोय" एवढं बोला. हॉर्न नको. हॉर्नने कुठल्या बाजूला जायचं ते कळत नाही, माणूस दचकतो फक्त.

---

रानजाई | १३ जानेवारी, रात्री ९:५५

कानोसा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी पहिल्या पोस्टमध्ये ‘नुसती सरकत बाहेर आली’ असं कौतुकाने लिहिलं, तेव्हा रस्त्यावरच्या माणसाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक आजी आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, आणि संध्याकाळी मुलं पार्किंगमध्ये सायकल शिकतात. आज ऑफिसमधून येताना गेटपासून काच खाली करून आले आणि "गाडी येतेय रे" म्हणत आले. उद्यापासून रोज.

आवाजाचं तपासलं. आज पार्किंगमध्ये मी बाहेर डोळे मिटून उभी राहिले आणि नवऱ्याला गाडी हळू पुढे-मागे घ्यायला सांगितली. मला नीट कळलं नाही. सर्व्हिसला नेईन तेव्हा याबद्दल विचारणार आहे. उत्तर मिळालं की इथे लिहीन.

गॅरेजवाले दादा, कॅलिपरचं डायरीत लिहून ठेवलं. वऱ्हाडी पाऊलवाट, जाळी शोधली. त्यावर सासूबाईंची शाल होती!

---

नवशिका ८७ | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

माझी पहिली गाडी घ्यायची आहे. बजेट बारा लाख, रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर, ठाणे ते पनवेल. स्ट्राँग हायब्रिड बजेटच्या बाहेर जाते. ‘माइल्ड हायब्रिड’ लिहिलेली स्वस्त मिळतेय. ती घेऊ का?

---

पिंपळपान | १४ जानेवारी, दुपारी १२:१५

नवशिका, माइल्ड हायब्रिडमध्ये चाकं विजेवर एकटी फिरत नाहीत. सिग्नलला इंजिन बंद करून झटकन चालू करणं आणि थोडा हातभार, एवढंच. वाईट नाही, पण या धाग्यात चाललंय ते तिच्याकडून अपेक्षू नका. नावातल्या ‘हायब्रिड’ शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

तुमचं रोजचं अंतर ठरलेलं आहे. राहत्या जागी स्वतःचं पार्किंग आणि तिथे प्लग असेल तर इलेक्ट्रिक बघा. नसेल तर कंपनीने बसवलेली सीएनजी. ठाणे-पनवेल पट्ट्यात पंप आहेत, फक्त रांगेची तयारी ठेवा.

---

नवशिका ८७ | १४ जानेवारी, दुपारी १२:५०

पार्किंग स्वतःचं आहे, मीटरही खालीच आहे. सोसायटीच्या सचिवांशी आज संध्याकाळी बोलतो. खूप आभार.

---

रानजाई | २२ जानेवारी, रात्री १०:१०

थोडी भर. सर्व्हिसवाल्यांकडून आवाजाबद्दल अजून उत्तर आलेलं नाही, पुन्हा फोन करणार आहे. शहरातली दुसरी टाकी: ४३८ किलोमीटर, १९ लिटर, म्हणजे २३ च्या वर. ‘एन’ची सवय मोडल्याचा परिणाम असावा, किंवा थंडीत एसी कमी लागतो त्याचा. उन्हाळ्यात पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आहे. काल जेवताना सासूबाई आपणहून म्हणाल्या की घरातली भांडी घासून ठेवायची राहिलीत, आणि शेजारच्या काकूंची तब्येत विचारायची आहे. मग जरा थांबून म्हणाल्या, या वेळी चिपळूणवरून जाऊ, माझी बहीण तिथे आहे, तिला भेटून पाच वर्षं झाली. म्हणजे कोयनानगरवरून कुंभार्ली घाट, ज्याचं त्या नावही काढू द्यायच्या नाहीत.

पुढे बसणार म्हणाल्या. बॅटरीच्या काड्या नीट दिसतात म्हणून.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघतोय. चिपळूणला टाकी भरून आकडा लिहिते.